जुन्या कॅमॅरोच्या थ्रॉटल बॉडीची कूलंट नळी काढावी का?

सह्यवाट (डॅलस)

नव्वदच्या दशकातली किंवा दोन हजारच्या आगेमागची स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: थ्रॉटल बॉडीला येणारी गरम कूलंटची नळी काढून टाक, इंजिनात थंड हवा जाईल, ताकद वाढेल. (थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव.) स्वस्तातलं काम, अर्ध्या तासात होणारं, म्हणून हौशी मंडळी सगळ्यात आधी हेच हाती घेतात. माझ्याकडे १९९९ ची शेवरोले कॅमॅरो झेड२८ आहे. ५.७ लिटरचं एलएस१ व्ही८ इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. त्या नळ्या बदलायला झाल्याच होत्या, त्यामुळे या प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला. मराठीत यावर कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

आधी ही नळी तिथे का असते ते बघू. थ्रॉटल बॉडीत एक गोल झडप असते. गाडी एका वेगाने निवांत चालली असताना ती जेमतेम उघडी असते. तिच्या कडेवरून हवा जोरात जाते, दाब कमी होतो आणि तापमान आणखी खाली येतं. हवा आधीच थंड आणि दमट असेल तर बाष्प झडपेच्या कडेला गोठून बसतं. इंजिनाच्या पोटातून परत येणारी दमट वाफ त्यात भर घालते. झडप चिकटली तर पाय उचलला तरी गाडी वेग सोडत नाही. म्हणून कारखान्याने थ्रॉटल बॉडीच्या बुडातून गरम कूलंट खेळवला. तीच गाडी अलास्कातही विकायची आणि फ्लोरिडातही, त्यामुळे नळी सगळ्यांनाच.

एलएस१ मध्ये मात्र ही नळी आणखी एक काम करते, आणि मला मुख्यतः त्याबद्दलच सांगायचं आहे.

सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, एक्झॉस्ट पोर्टच्या (जळालेला धूर बाहेर पडायच्या वाटेच्या) आसपास धातू इतका तापतो की तिथला कूलंट जागच्या जागी उकळतो. वाफेचे बुडबुडे वर चढतात आणि हेडच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात साचतात. तिथे वाफ अडकून राहिली तर त्या भागाला कूलंट लागत नाही आणि हेड तिथेच भाजायला लागतं. यावर उपाय म्हणून जनरल मोटर्सने दोन्ही हेडच्या वरच्या कोपऱ्यांतून एक बारीक धातूची नळी काढली. माझ्या १९९९ च्या गाडीत ती चारही कोपऱ्यांना जोडलेली आहे. पुढच्या वर्षांच्या गाड्यांत फक्त पुढच्या दोन कोपऱ्यांना, मागच्या दोन जागी बंद पट्ट्या. ही वाफेची नळी इंजिनाच्या पुढच्या बाजूला येते, तिथून रबरी नळीने थ्रॉटल बॉडीत शिरते, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून रेडिएटरकडे जाते.

म्हणजे ज्याला आपण 'थ्रॉटल गरम करणारी नळी' म्हणतो ती एलएस१ मध्ये हेडमधली वाफ बाहेर काढणारी वाट आहे. थ्रॉटल बॉडी त्या वाटेवरचं एक स्टेशन. स्टेशन वगळलं तर चालतं, पण रूळ उखडायचे नाहीत. दोन्ही नळ्या काढून तोंडांना टोप्या घालणारे लोक मी बघितले आहेत आणि ते बघून मला खरंच काळजी वाटते.

माझ्या गाडीत काय सापडलं ते सांगतो. हवेचा रबरी भाता सैल करून बाजूला घेतला, थ्रॉटल बॉडीचे तीन बोल्ट काढले, तिला उलटी केली. बुडाच्या एका निपलभोवती (नळी चढवायच्या तोंडाभोवती) नारिंगी कूलंट वाळून कवच झालं होतं. ते नखाने खरवडल्यावर खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे. नळीचं टोक फुगून मऊ पडलेलं, दोन बोटांत दाबलं की स्पंजासारखं आत जायचं. क्लिपच्या जागी रबराला गोल चीर पडलेली. गळती इतकी बारीक की जमिनीवर थेंब कधी पडला नाही, गरम इंजिनावरच वाळून जायचा. टाकीतली पातळी मात्र हळूहळू उतरत होती.

निपलला खड्डे पडल्यावर नवी नळीही तिथे फार दिवस धरली नसती. म्हणून बायपास केला. वाफेच्या नळीपासून रेडिएटरकडच्या तोंडापर्यंत एकच नवी अखंड नळी टाकली, मध्ये सांधा ठेवला नाही. नळी हीटर होजच्या जातीची, कूलंट सोसणारी. पेट्रोलची नळी दिसायला तशीच असते, पण कूलंटला ती चालत नाही. क्लिपा स्प्रिंगच्या घेतल्या, कारण रबर तापून फुगलं, गार होऊन आकसलं तरी त्यांची पकड कायम राहते. नळीला थोडी ढील दिली, कारण अ‍ॅक्सिलरेटर मारला की व्ही८ माउंटवर चांगलंच डोलतं. वळणावर नळी चिमटत नाही ना, ते हात फिरवून बघितलं. थ्रॉटल बॉडीची दोन्ही तोंडं आता कोरडी आहेत, तिथे दाब नाही. त्यांवर साधी रबरी टोपी पुरते, तीही फक्त धूळ जाऊ नये म्हणून.

हे सगळं इंजिन पूर्ण गार असताना. सांडलेला कूलंट लगेच पुसा आणि धुऊन काढा. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही दगावतात.

ताकदीबद्दल माझं मत: फरक पडत नाही. नळी गळत असेल, निपल खराब झाली असेल, थ्रॉटल बॉडी वारंवार काढावी लागत असेल तर बायपास करा. अश्वशक्तीसाठी करणार असाल तर राहू द्या. ज्यांनी केलं आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

पाना_दहा (एडिसन)

सह्यवाट, धागा वाचला आणि तडक खाली जाऊन बॉनेट उघडलं. माझी २००१ ची पॉन्टिअ‍ॅक फायरबर्ड आहे, तेच इंजिन, सेकंडहँड घेतलेली. थ्रॉटल बॉडीला नळी नाहीच. वाफेच्या नळीच्या तोंडावर काळी रबरी टोपी आणि वर क्लिप आवळलेली. रेडिएटरकडच्या तोंडावरही तसंच.

आता एक गोष्ट उलगडतेय. सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. हीटर कधी गरम, कधी गार. मी हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) बदलायच्या विचारात होतो. हे त्यामुळेच असेल का?

---

सह्यवाट

पाना_दहा, दाट शक्यता आहे. वाफ आणि हवा बाहेर पडायला वाट नाही, मग ती यंत्रणेत फिरत राहते आणि हीटर कोअरमध्ये जाऊन खळखळते. हीटर कोअरला सध्या हात लावू नका. डॅशबोर्ड उतरवावा लागेल आणि दुखणं तिथलं नसेल.

त्या टोप्या मात्र आजच काढायच्या यादीत घ्या. वाफेच्या नळीला पूर्ण दाब असतो आणि व्हॅक्यूमच्या रबरी टोप्या त्यासाठी बनलेल्या नसतात. उष्णतेने त्या कडक होऊन तडकतात आणि हायवेवर सगळा कूलंट निघून जातो. गार इंजिनावर टोप्या काढा, दोन्ही तोंडं एका नळीने जोडा, कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापू द्या, गार झाल्यावर पुन्हा पातळी बघून भरा. एकदा भरून भागत नाही, हवा निघेल तशी पातळी उतरते.

आणि हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासून घ्या. रसायनाची चाचणी मिळते: टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवायची आणि इंजिन चालू ठेवून टाकीतली हवा त्यातून ओढायची. कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू येत असतील तर निळा रंग पिवळा होतो. आणखी एक, तापमानाचा काटा बरोबर होता म्हणून निश्चिंत राहू नका. सेन्सर वाफेत उघडा पडला तर आकडा चुकीचा दाखवतो.

---

तापमापी (पुणे)

चाकणला इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी, त्यामुळे ताकदीच्या मुद्द्यावर आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. अंदाजे हिशोब आहे, पण आवाका कळायला पुरेसा.

पूर्ण थ्रॉटलला, लाल रेषेच्या जवळ, ३०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन सेकंदाला साधारण पाव किलो हवा घेतं. एक किलो हवा एक अंशाने तापवायला सुमारे १,००० जूल लागतात. म्हणजे ही हवा फक्त १ अंश तापवायची तर थ्रॉटल बॉडीने सतत २५० वॉट द्यायला हवेत.

आता ती देऊ किती शकते? एलएस१ चा गळा ७५ मिमी व्यासाचा. लांबी ८० मिमी धरू. आतला पृष्ठभाग ०.०१९ चौरस मीटर भरतो. हवेचा वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या घरात, तिथे उष्णतेच्या वहनाचा गुणांक दर चौरस मीटर, दर अंश २०० वॉट धरायला हरकत नाही. धातू ९० अंशावर, हवा ३५ अंशावर, फरक ५५. गुणाकार करा: २१० वॉटच्या आसपास. म्हणजे हवा १ अंशही तापत नाही. तापमान १ अंशाने वाढलं तर हवेची घनता एक तृतीयांश टक्क्याने घटते. ३०० अश्वशक्तीत हे झालं जास्तीत जास्त एक. तेही धातू पूर्ण ९० अंशावर आहे असं धरून. प्रत्यक्षात एवढी हवा त्यावरून जात असताना तो थोडा गारच असतो. गरम तव्यावरून हात झरकन फिरवला तर भाजत नाही, तसं आहे हे.

आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) हवा कमी आणि संथ असते, तिथे ती जास्त अंश तापते हे खरं. पण आयडलला ताकद कोणाला हवी आहे?

एलएस१ चं इनटेक मॅनिफोल्ड (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) प्लास्टिकचं आहे, हेही लक्षात घ्या. हेडची उष्णता हवेपर्यंत पोचू नये म्हणून कारखान्याने तिथे बरंच काही आधीच केलेलं आहे.

---

शांतरस (ठाणे)

गाडीतलं फार कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. वाचनखूण साठवली.

---

वेगवाडा (अटलांटा)

तापमापी, हिशोब पटण्यासारखा आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. २००० च्या कॅमॅरोवर बायपास केल्यानंतर स्कॅनरवर इनटेक हवेचं तापमान पूर्वीपेक्षा बरंच कमी दिसलं. आकडा डोळ्यांनी बघितलाय. त्याचं काय?

---

सह्यवाट

वेगवाडा, आकडा खराच असणार, पण तो थ्रॉटल बॉडीबद्दल काही सांगत नाही. आपल्या गाड्यांत हवेच्या तापमानाचा सेन्सर थ्रॉटलच्या आधी, फिल्टरपुढच्या वाटेत बसवलेला असतो. हवा आधी त्याच्यावरून जाते, मग थ्रॉटलकडे. थ्रॉटल बॉडीने हवा तापवली किंवा गार ठेवली, सेन्सरला ते कळायची सोयच नाही.

आधीचं आणि नंतरचं मोजमाप एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, तेवढाच वेळ गाडी चालवून घेतलं होतं का? सिग्नलला थांबलो की बॉनेटखालची गरम हवा फिल्टरपर्यंत चढते आणि तो आकडा भराभर वर जातो, रस्ता मोकळा झाला की उतरतो. तुम्हाला दिसलेला फरक तिथला असावा. थंड हवाच हवी असेल तर फिल्टरच्या डब्याचे फाटलेले सील आणि गाडीच्या पोटाखालची हवा वळवणारी प्लास्टिकची पट्टी आधी बघा. जुन्या कॅमॅरोंत ती पट्टी फुटपाथला घासून तुटलेली असते, आणि रेडिएटरलाही तिचीच हवा लागते.

---

वेगवाडा

सेन्सर आधी असतो हे ध्यानात घेतलं नव्हतं. मोजमाप वेगवेगळ्या दिवशीचं आहे. पट्टी बघतो, अर्धी तुटलेली आहे हे आत्ताच आठवलं.

---

उघडं_छप्पर (लेस्टर)

सगळ्या गाड्यांना एकच नियम लावू नका, एवढ्यासाठी लिहितेय. माझी १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटरची. तिच्या थ्रॉटल बॉडीलाही कूलंटच्या दोन नळ्या येतात, पण कारण निराळं. थ्रॉटल बॉडीच्या खाली एक छोटी झडप असते, तिच्यात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना मेण आकसलेलं असतं, झडप उघडी राहते, जास्तीची हवा आत जाते आणि आयडल वर राहतो. कूलंट तापला की मेण वितळून फुगतं, झडप बंद होते, आयडल जागेवर येतो. त्या मेणाला उष्णता मिळते ती याच नळ्यांमधून.

नळ्या काढल्या की मेणाला वाटतं इंजिन अजून गारच आहे. आयडल वरच अडकतो किंवा फार उशिरा खाली येतो. मग माणसं थ्रॉटलचा स्क्रू पिळत बसतात, सेन्सर बदलतात, इंधन जास्त जळतं ते निराळंच. आमच्याकडच्या एका हौशी गृहस्थांची गाडी अशीच एका गॅरेजात महिनाभर पडून होती. मी विचारलं, "काका, खालच्या नळ्या कुठे गेल्या?" तेव्हा उलगडा झाला. नळ्या परत बसवल्या, आयडल आपोआप जागेवर आला.

या गाडीत त्या नळ्या इनटेकच्या खाली अशा जागी आहेत की हात जेमतेम शिरतो. म्हणून लोकांना त्या नकोशा वाटतात, ते मी समजू शकते. पण बदलायच्याच असतील तर थ्रॉटल बॉडी उतरवलेली असेल तेव्हा दोन्ही एकदम बदलून टाका.

---

सह्यवाट

ताई, अगदी मोलाचा प्रतिसाद. एलएस१ मध्ये आयडलची हवा विजेवर चालणारी छोटी मोटर सांभाळते आणि इंजिनाचं तापमान हेडमधल्या सेन्सरवरून कळतं, म्हणून तिथे बायपासने आयडलला धक्का लागत नाही. तुमच्या गाडीत लागतो. नळी तीच दिसते, काम दुसरंच. कुठल्याही गाडीची नळी काढण्याआधी ती कुठून येते, कुठे जाते आणि वाटेत काय काय करते ते शोधून काढलंच पाहिजे.

---

हिमगाव (मिनियापोलिस)

इथे हिवाळ्यात उणे २५ नेहमीचं, त्यामुळे बर्फाच्या मुद्द्यावर थोडं. लोकांना वाटतं जितकी थंडी जास्त तितका थ्रॉटल गोठण्याचा धोका जास्त. तसं नाही. उणे २५ ला हवा इतकी कोरडी असते की गोठायला तिच्यात बाष्पच उरलेलं नसतं. धोका शून्याच्या आसपास, धुकं किंवा बर्फमिश्रित पाऊस असताना, तासन्‌तास एका वेगाने गाडी चालवली तर. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलही तिथेच उडून जायचं आणि धातू आणखी गार व्हायचा. म्हणून छोट्या विमानांत कार्ब्युरेटरला गरम हवा द्यायची कळ असते. दमट हवेत २० अंशांच्या आसपासही तिथे बर्फ धरतो. आपल्या इंजिनांत पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, पोर्टजवळ फवारलं जातं, त्यामुळे धोका कमी, पण संपलेला नाही.

सह्यवाट, तुम्ही टेक्ससमध्ये आहात, शिवाय अशा गाड्या बहुतेक जण पावसाळी दिवशी बाहेर काढत नाहीत. तुमचं ठीक आहे. माझ्या गाडीची नळी मी ठेवली आहे, कारण ऑक्टोबर आणि मार्चमध्ये मी ती रोज चालवतो.

कधी झडप अडकलीच तर क्लच दाबा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलला टाका, ब्रेक लावून गाडी कडेला घ्या आणि मगच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

---

पाना_दहा

काम झालं. टोप्या काढल्या तेव्हा वाफेच्या नळीवरची टोपी हातातच तडकली. एक अखंड नळी टाकली, स्प्रिंगच्या क्लिपा. पहिल्यांदा भरल्यावर दुसऱ्या दिवशी पातळी चांगलीच उतरलेली होती, पुन्हा भरली, आता स्थिर आहे. निळ्या द्रवाची चाचणी केली, रंग निळाच राहिला. खळखळाट बंद आणि हीटर सलग गरम. हीटर कोअरचं मागवलेलं पार्सल परत पाठवतोय. मनापासून आभार.

---

रंकाळा (कोल्हापूर)

उशिरा आलो धाग्यावर. माझ्याकडे २००२ ची होंडा सिटी व्हीटेक आहे. थ्रॉटल बॉडीच्या खालून कूलंट झिरपतोय. गॅरेजवाले म्हणतात, "दोन्ही पाइप एकमेकांना जोडून देतो, आपल्याकडे कुठं बर्फ पडतोय?" करून घेऊ का?

---

उघडं_छप्पर

रंकाळा, बर्फाचं ते बरोबर बोलतायत, पण थांबा. त्या काळातल्या बऱ्याच होंडांत थ्रॉटल बॉडीखाली माझ्या माझदासारखीच मेणाची झडप असते. तुमच्या गाडीत आहे का ते आधी बघून घ्या. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा. हवेची नळी काढली की थ्रॉटलच्या तोंडात झडपेच्या अलीकडे हवेची छोटी भोकं दिसतील. एकेक बोटाने बंद करून बघा. गार असताना एखाद्या भोकाने आयडल पडत असेल आणि इंजिन तापल्यावर त्याच भोकाने काहीच फरक पडत नसेल, तर मेणाची झडप आहे आणि चांगली चालतेय. मग नळ्या ठेवायच्या.

झिरपतंय ते बहुतेक नळीच्या टोकाशी किंवा झडपेखालच्या रबरी रिंगेशी. रिंग असेल तर तेवढी बदलून काम होतं. नळीच असेल तर निपलला व्हर्नियर लावून माप घ्या आणि कूलंटचीच नळी मागा.

---

रंकाळा

उद्या सकाळी गार इंजिनावर बघतो आणि इथेच कळवतो. गॅरेजवाल्यांना तोवर थांबायला सांगितलंय.